गाडीतही दोन कप्पे हवेत

आपण ओला-सुका कचरा वेगळा करून द्यायचा आणि गाडीत तो पुन्हा एकत्र पडताना पाहायचा! उत्साह मावळतोच, नाही का? २०१६च्या घनकचरा नियमांनी घरातच ओला, सुका आणि घातक कचरा वेगळा ठेवायला सांगितलं होतं. पण ही सवय टिकते ती पुढची व्यवस्था चोख असेल तरच. इंदूरच्या कचरागाड्यांत वेगवेगळे कप्पे असतात. ओल्या कचऱ्यापासून गॅस बनवणारा, दिवसाला ५५० टन क्षमतेचा प्रकल्प तिथे २०२२मध्ये सुरू झाला. आपला कचरा कुठे जातो हे कळलं, की घरातली कुरकुरही कमी होते.

तुमच्याकडच्या गाडीत कप्पे नसतील, तर सोसायटीतर्फे पालिकेला पत्र द्या. तोवर डबे मात्र एकत्र करू नका. फुटकी काच कागदात गुंडाळूनच द्या. पुढे तो कचरा कुणीतरी हातांनीच निवडतं.