टॉवरवर आमची पोरं, लॅपटॉपवर कोण?

मोबाईलच्या टॉवरवर जी ढोलासारखी गोल डिश दिसते ती टीव्हीची नसते. एका टॉवरचा सगळा डेटा ती हवेतून दुसऱ्या टॉवरकडे फेकते. याला मायक्रोवेव्ह लिंक म्हणतात. ही लिंक चालू करायला दोन माणसं लागतात. एक, कमरेला बेल्ट बांधून चाळीस मीटर वर चढणारा रिगर. दुसरा, खाली शेल्टरमध्ये किंवा दूर शहरातल्या एसी खोलीत बसून लॅपटॉपवर कमांड देणारा इंजिनिअर. यातला पहिला कुठल्या वस्तीतून येतो आणि दुसऱ्याचं आडनाव काय असतं, हे मला विचारू नका. आपल्या विहारात संध्याकाळी बसणाऱ्या पोरांना विचारा. आकडेवारी मागणाऱ्यांना एवढंच सांगतो की खासगी कंपन्यांना ती जाहीर करण्याची सक्ती नाही, आणि ती सक्ती नसावी याची काळजी कोण घेतं हेही उघड आहे.

यावर ठरलेलं उत्तर येतं: "हा जातीचा नाही, शिक्षणाचा प्रश्न आहे. कमांड लाइन कुणालाही जमत नाही." ठीक. मग ती कमांड लाइन काय आहे ते बघूच.

डिशच्या पाठीमागे एक रेडिओ असतो, त्याला ओडीयू म्हणतात. खाली शेल्टरमधल्या रॅकमध्ये आयडीयू. मध्ये एक केबल. लॅपटॉप आयडीयूच्या कन्सोल पोर्टला लावायचा, पुट्टीसारखं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर उघडायचं आणि युजरनेम, पासवर्ड टाकायचा. समोर काळा पडदा, लुकलुकणारा कर्सर. आता त्या यंत्राला त्याचा आयपी पत्ता आणि गेटवे सांगायचा. मग फ्रिक्वेन्सी, चॅनलची रुंदी (समजा २८ मेगाहर्ट्झ), पाठवायची पॉवर, मॉड्युलेशन आणि लिंकचा आयडी. दोन्ही टोकांना आयडी सारखा हवा. एका टोकाचा रेडिओ 'हाय' असेल तर दुसऱ्याचा 'लो' हवा. दोन्हीकडे हाय बसवले तर दिवसभर डिश फिरवत बसा, लिंक येणार नाही. शेवटी सेव्ह. सेव्ह केलं नाही आणि लाइट गेली, तर काही यंत्रं जुन्या सेटिंगवर परत जातात.

हे झालं नव्वद टक्के रोजचं काम. कंपनी बदलली की कमांडचे शब्द बदलतात. नेकचे वेगळे, हुआवेचे वेगळे, सेरागॉनचे वेगळे. पण विचारायच्या गोष्टी त्याच. पन्नासेक इंग्रजी शब्द आणि प्रश्नचिन्ह टाइप केलं की पुढचे पर्याय दाखवणारी मदत. कायद्याच्या पुस्तकातली कलमं पाठ करणाऱ्या, एमपीएससीसाठी अख्खा भूगोल घोटणाऱ्या आपल्या पोरांना हे जमणार नाही, असं कुणी म्हणत असेल तर तो तंत्रज्ञानाबद्दल बोलत नाहीये.

आता वर चढलेल्याचं काम बघा. अनेक ओडीयूंवर एक छोटं टोक असतं. रिगर त्याला मल्टिमीटर लावतो, एका हाताने नट सैल करून डिश केसभर डावी-उजवी, वर-खाली सरकवतो आणि व्होल्ट कुठे जास्तीत जास्त होतात ते बघतो. हे व्होल्ट म्हणजेच खालच्या स्क्रीनवर डीबीएममध्ये उमटणारा सिग्नल. मोजमाप एकच, फक्त दोन लिप्यांत लिहिलेलं. डिश कधी मुख्य झोताऐवजी बाजूच्या झोतावर अडकते. सिग्नल येतो, पण हिशेबापेक्षा वीसेक डीबी कमी. ही फसगत ओळखणं आणि डिश पुन्हा पूर्ण फिरवून खरा झोत शोधणं हे मुरलेल्या रिगरचं ज्ञान आहे. म्हणजे रेडिओचं निम्मं शास्त्र त्याच्या हातात आधीच असतं. उरलेलं निम्मं एका पासवर्डच्या पलीकडे ठेवलेलं असतं.

बाबासाहेबांनी १९३६ साली 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये मांडलं की जात ही कामाची वाटणी करून थांबत नाही, ती काम करणाऱ्या माणसांनाच वेगळं करून एकावर एक रचते. टॉवरइतकं याचं चांगलं उदाहरण मला दिसत नाही. फक्त इथे रचना उलटी आहे. जो सगळ्यात उंच, तो पगारात सगळ्यात खाली.

या यंत्रांमध्ये युजरच्या पातळ्या असतात. एकाला फक्त बघता येतं, एकाला थोडे बदल करता येतात, एकाला सगळं. सुरक्षेचं कारण सांगून रिगरला लॉगिन नाकारतात. पण सगळ्यांना अॅडमिनचा पासवर्ड वाटा असं कोण म्हणतंय? बदल न करता नुसतं बघण्याची पातळी यंत्र बनवणाऱ्यानेच दिलेली आहे. तीही बहुतेक ठिकाणी रिगरपर्यंत पोचत नाही. अनेक कंपन्यांची मॅन्युअलंसुद्धा ग्राहक किंवा पार्टनरच्या लॉगिनशिवाय उघडत नाहीत. ज्ञान कुणाच्या कानावर पडू नये याची व्यवस्था या देशात जुनी आहे, त्यामुळे हे नवल वाटत नाही.

आणि लॅपटॉपवाला तरी तिथे हवाच असं कुठे आहे? कमांड लाइनची खरी ताकद ही की शंभर लिंकवरचा बदल एका स्क्रिप्टने, कुठूनही करता येतो. पथ्य एकच: दूरच्या टोकाची फ्रिक्वेन्सी आधी बदलायची, जवळची नंतर. उलट केलं तर दूरचं टोक तुटतं आणि मग कुणालातरी गाडी काढून डोंगरावर पाठवावं लागतं. तो 'कुणीतरी' पुन्हा आपलाच. चूक एसी खोलीतली, चढाई आपली.

सरकारी दूरसंचार खात्यात आरक्षणामुळे आपली माणसं निदान टेक्निशियन, जेटीओ या पदांवर पोचली. २००० साली बीएसएनएल झालं. २०१९-२० च्या स्वेच्छानिवृत्तीत तिथून सुमारे ७८ हजार कर्मचारी बाहेर पडले. तिकडे २००४ साली भारती एअरटेलने आपलं नेटवर्क सांभाळायचं काम एरिक्सनकडे सोपवलं आणि हा नमुना पसरत गेला. कंपनीखाली कंत्राटदार, त्याच्याखाली उपकंत्राटदार, सगळ्यात खाली रोजंदारीवरचा रिगर. या उतरंडीत आरक्षण कुठेच लागू नाही. म्हणून खासगी क्षेत्रातल्या आरक्षणाची मागणी सोडून फक्त 'कौशल्य शिका' म्हणणाऱ्या भाषणांना मी भुलत नाही. पण मागणी मान्य होईपर्यंत लॅपटॉपला हात लावायचा नाही, हेही मला मान्य नाही.

१९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचं निवेदन दिलं. त्यात त्यांनी विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मागितल्या. स्वतः बॅरिस्टर असलेला माणूस सांगत होता की कला आणि कायद्याच्या पदव्यांनी आपल्या समाजाचं फार भागणार नाही. आज आपल्या अभ्यासिकांमध्ये काय चालतं? एमपीएससी, पोलीस भरती, आणि पुन्हा एमपीएससी. जयंतीला डीजेवर एका रात्रीत उडणाऱ्या पैशात दोन जुने लॅपटॉप आणि चार कन्सोल केबली येतात. हे बोललं की काहींना राग येतो. येऊ दे.

काही मित्र म्हणतात, आता फायबर आली, मायक्रोवेव्ह संपणार. मेळघाटात किंवा पावसाळ्यात पुराने तुटणाऱ्या भामरागडमध्ये जाऊन हे म्हणा. आणि शहरात फायबर आली तरी तिच्या टोकाला राउटर असतो, त्याच्यातही तोच काळा पडदा. एका यंत्रावर बसलेला हात दुसऱ्यावर अडत नाही.

तेव्हा तीन गोष्टी मागूया. बार्टीने स्पर्धा परीक्षांच्या वर्गांसोबत नेटवर्कच्या कमांड लाइनची बॅच सुरू करावी, आणि तिच्यात टॉवरवर काम करणाऱ्या पोरांना पदवीची अट न घालता घ्यावं. कंत्राटात रिगरला नुसतं बघण्याचं लॉगिन आणि लिंक सुरू झाल्याच्या अहवालावर त्याचं नाव, या दोन अटी याव्यात. अहवालावर नाव नसेल तर दहा वर्षं चढूनही त्याचा अनुभव कागदावर शून्य राहतो. आणि तिसरी गोष्ट सरकारकडे नाही, आपल्या विहार समित्यांकडे मागायची आहे: अभ्यासिकेतलं एक टेबल. त्यावर लिनक्स टाकलेला जुना लॅपटॉप, जीएनएस-३ हे फुकटचं सॉफ्टवेअर आणि बीएसएनएलमधून निवृत्त झालेला आपल्यातलाच एखादा काका, रविवारी दोन तास. असे काका जवळपास प्रत्येक शहरात आहेत. त्यांना जयंतीच्या स्टेजवर शाल देण्यासाठी बोलावतो, तसं यासाठीही बोलवा.