जुना ट्रॅक्टर : कोणता घ्यावा आणि कशातून घ्यावा?

या पानावर एरवी एनआरई ठेवी, मेडिकल इन्शुरन्स आणि पुण्यातल्या फ्लॅटचे हप्ते यांविषयी लिहिले जाते. त्यात जुन्या ट्रॅक्टरचा विषय पाहून काही वाचकांना हसू येईल. पण आपल्यापैकी अनेकांचा सातबारा गावी आहे, शेत वडील किंवा भाऊ पाहतात, आणि खलिफा सिटीतल्या व्हिलाच्या दोन खोल्यांत राहून ‘गावी एखादा जुना मॅसी घ्यावा’ असे मनात आणणारा मी एकटाच नाही. तेव्हा या विषयावर मोकळेपणाने लिहायला हरकत नसावी.

प्रथम हिशेबाचे. बार्शी तालुक्यातील आमच्या चार एकरांसाठी भाड्याने ट्रॅक्टर लावणेच स्वस्त पडते. चाळीस वर्षांपूर्वीचे यंत्र घेऊन ते ‘गुंतवणूक’ म्हणून घरात पटवू नये. हा हौसेचा खर्च आहे आणि तो हौसेच्याच खात्यात मांडावा. हौस असणे काही वाईट नाही. वाईट तेव्हा होते, जेव्हा तिच्यासाठी मुलांच्या शाळेची फी किंवा ग्रॅच्युइटी हाताशी धरली जाते. इथल्या कायद्याने पहिल्या पाच वर्षांना वर्षाकाठी २१ दिवसांचा आणि पुढे ३० दिवसांचा मूळ पगार मिळतो. आपल्याला इथे पेन्शन नाही, म्हणून त्या रकमेला हात लावू नये.

मी दरमहा १,५०० दिरहॅम वेगळे काढतो. वर्षाचे १८,००० होतात. २०२४ च्या सरासरी दराने ते चार लाख रुपयांच्या थोडे वर जातात. दिरहॅम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला आहे. २०१० मध्ये एका दिरहॅमला साडेबारा रुपयांच्या आसपास मिळत, २०२४ मध्ये पावणेतेवीसच्या पुढे. त्यामुळे घाईने सगळे पैसे पाठवण्याचे कारण नाही. पाठवलेली रक्कम एनआरई मुदतठेवीत किमान एक वर्ष राहिली तरच व्याज मिळते, आणि अनिवासी असेपर्यंत त्यावर भारतात आयकर नाही. जमलेल्या रकमेची मी सरळ दोन भागांत वाटणी केली आहे : निम्मी खरेदीला, निम्मी दुरुस्तीला. ज्याने दुरुस्तीचे पैसे आधी बाजूला काढले नाहीत, त्याच्या ट्रॅक्टरवर शेवटी कोंबड्या बसतात.

आता कोणता घ्यावा? अण्णांचे मत बी-२७५ च्या बाजूने आहे. महिंद्राने इंटरनॅशनल हार्वेस्टर व व्होल्टास यांच्याबरोबर १९६३ मध्ये कंपनी काढली आणि कांदिवलीला हा पस्तीस अश्वशक्तीचा ट्रॅक्टर बनू लागला. आपल्या मुंबईत तयार झालेले यंत्र म्हणून माझेही मन तिकडे ओढते. एचएमटीचा झेटर दणकट म्हणून नाव कमावून होता, पण केंद्र सरकारने २०१६ मध्ये एचएमटीचा ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय घेतला. सुट्या भागांसाठी भंगारबाजार धुंडाळण्याइतकी रजा मला मिळत नाही. नाशिकला बनलेला किर्लोस्करचा ट्रॅक्टर तर केवळ संग्राहकाने घ्यावा.

माझी पसंती मॅसी फर्ग्युसन १०३५ ला आहे. मद्रासच्या टॅफे कंपनीने हे मॉडेल कित्येक दशके बनवले आणि त्याच्या पर्किन्स घराण्यातल्या तीन सिलिंडरच्या इंजिनांचे काम तालुक्याचा मिस्त्री डोळे मिटून करतो. बोअर-पिस्टन, क्लच प्लेट, हायड्रॉलिकचे सील दुकानात मिळतात. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही जे शिकतो तेच इथे लागू आहे : ज्याची दुरुस्ती करणारी माणसे शिल्लक आहेत, ते जुने चालते.

दुसरे कारण आरोग्याच्या सदराला धरून आहे. हॅरी फर्ग्युसन यांची तीन बिंदूंची जोडणी आज जगभर प्रमाण मानली जाते. पूर्वीच्या ट्रॅक्टरमागे नांगर नुसता ओढला जाई. तो मुळाला किंवा खडकाला अडकला की पुढची चाके उचलून ट्रॅक्टर चालकाच्या अंगावर मागे उलटे. फर्ग्युसनच्या जोडणीने हा धोका बराच कमी केला. नाहीसा मात्र केला नाही. बांधावरून उतरताना बाजूला कलंडणे आजही तसेच आहे. स्वीडनने १९५९ मध्येच नव्या ट्रॅक्टरला संरक्षक चौकट सक्तीची केली आणि तिथले उलटून होणारे मृत्यू पुढे फार कमी झाले. आपल्या जुन्या ट्रॅक्टरांना अशी चौकट नसते. गावच्या वेल्डरने जोडलेला पाइप म्हणजे चौकट नव्हे. ती त्या मॉडेलसाठी चाचणी झालेली आणि ॲक्सलला बोल्टने घट्ट बसवलेली हवी, आणि सोबत सीटबेल्ट हवाच, नाहीतर उलटताना माणूस बाहेर फेकला जाऊन चौकटीखालीच सापडतो. माझ्या दुरुस्तीच्या रकमेतला पहिला खर्च तोच आहे; रंगकाम शेवटी. दुसरा खर्च नव्या सीटचा, कारण अण्णांच्या कमरेला पट्टा आहे आणि जुन्या सीटची स्प्रिंग मेलेली असते. तिसरा पीटीओच्या आवरणाचा : तो शाफ्ट मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. धोतराचा सोगा अडकल्यावर विचार करायला वेळ उरत नाही.

कागदपत्रांबाबत दोनच सूचना. आरसी बुकावर बँकेचा बोजा राहिला आहे का आणि विकणारा खरोखर नोंदलेला मालक आहे का, हे पैसे देण्याआधी पाहावे. ‘दहा वर्षांनी ट्रॅक्टर भंगारात’ ही अफवा मनावर घेऊ नये. केंद्रीय परिवहन मंत्रालयाने २०२३ मध्ये खुलासा केला की शेतीच्या ट्रॅक्टरची नोंदणी पंधरा वर्षांची असते व पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण होते. २०२१ च्या व्हिंटेज नोंदणीचा मोहही नको. तिच्यासाठी वाहन पन्नास वर्षांचे लागते आणि ते रोजच्या कामाला रस्त्यावर आणता येत नाही. आम्हाला तर पाळी घालायची आहे.

मॉडेलबद्दल अण्णांशी वाद चालूच आहे आणि चांगला बी-२७५ आधी मिळाला तर मी हट्ट धरणार नाही. एका बाबतीत मात्र ते आणि मी एकमेकांना शब्द देऊन बसलो आहोत. जुलैच्या सुट्टीत अबू धाबीहून गेलेली नातवंडे मडगार्डवर बसायला रडतील, गावातली सगळी मुले बसतात म्हणतील. ट्रॅक्टरला एकच सीट आहे. नातवंडांनी बांधावर उभे राहून पाहायचे.