कमरेचे पिस्तूल, रानाचे निमित्त

पाटण, कराड, शिराळ्याच्या बाजूला बिबट्या दिसला की शस्त्रपरवान्याची मागणी निघते. ती बंदुकीपासून सुरू होते आणि रिव्हॉल्व्हरवर येऊन थांबते. रानात जायचे, वस्तीवर राहायचे, मग कमरेला काहीतरी हवेच, असे सांगितले जाते.

आधी ते हत्यार पाहू. सामान्य माणसाला परवान्यावर मिळणारे रिव्हॉल्व्हर बहुतेक वेळा बत्तीस बोअरचे असते. सहा गोळ्या. ९ मिलिमीटरचे पिस्तूल त्याला परवान्यावरही मिळत नाही, ते लष्कराचे आणि पोलिसांचे. आता समोर गवा आणा. पूर्ण वाढलेला नर आठशे किलोच्या पुढे जातो. बत्तीसची गोळी त्याला थांबवत नाही, जखमी करते. वाट दिली की निघून जाणारा गवा त्या गोळीनंतर अंगावर येतो.

बिबट्या तर समोरून येतच नाही. तो उसातून येतो, मागून येतो, वाकलेल्या माणसावर किंवा लहान मुलावर येतो. काही वर्षांपूर्वी कराड तालुक्यात बिबट्याने धरलेले पोर बापाने ओढून सोडवले. त्या क्षणी बापाच्या हाती पिस्तूल असते, तर गोळी कोणाला लागली असती?

कोयना आणि चांदोलीच्या हद्दीत तर हा प्रश्नच उरत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार मुख्य वन्यजीव रक्षकांच्या लेखी परवानगीशिवाय तिथे हत्यार नेता येत नाही. अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत नवा परवाना द्यायचा, तरी त्यांची संमती आधी लागते. जीव वाचवण्यासाठी प्राणी मारला तर तो गुन्हा नाही, ही सवलत याच कायद्यात आहे. पण त्या वेळी तुम्ही स्वतः कायदा मोडत असाल, तर ती मिळत नाही. म्हणजे विनापरवानगी पिस्तूल घेऊन रानात शिरणारा आपला बचाव हद्दीवरच सोडून येतो.

पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना १९५९ च्या शस्त्र कायद्यातच आहे. तो मागणाऱ्या शेतकऱ्याचे दुखणे खरे आहे. डुकरांनी एका रात्रीत भुईमूग उकरला की वर्ष जाते. त्याला लांब नळी हवी, मोठा आवाज हवा. शर्टाखाली मावणारे हत्यार त्याच्या काय कामाचे? ते माणसांत मिरवायला लागते, जमिनीच्या वादात, निवडणुकीत, वरातीत. गव्याला धाक बसत नाही. शेजाऱ्याला बसतो.

रानाच्या कडेला राहणाऱ्याला रात्री शेताला पाणी पाजावे लागू नये म्हणून दिवसा वीज हवी. वस्तीवर दिवा हवा, गोठ्याला जाळी हवी, बोलावल्यावर तासाभरात पोचणारे वनखात्याचे पथक हवे, नुकसानभरपाई वेळेवर हवी. या मागण्यांसाठी मोर्चा काढावा, आम्ही बरोबर आहोत. सातारा आणि सांगलीच्या जिल्हाधिकाऱ्यांनी मात्र रिव्हॉल्व्हरच्या अर्जावर ‘वन्यप्राण्यांपासून संरक्षण’ हे कारण दिसले, तर तो अर्ज तिथेच नाकारावा.