आठवीनंतर आमच्या मुलींनी जायचं कुठे?

मार्च महिन्यातली गोष्ट. आमच्या शनिवारच्या बैठकीला गटातली एक मैत्रीण हातात पाकीट घेऊन आली. पुण्यात चार घरी पोळ्यांची कामं करते. पाकिटात मुलीच्या शाळेचं पत्र होतं, इंग्रजीतलं. "ताई, काय लिहिलंय ते नीट वाचून सांगा," म्हणाली. मुलीने तिला ते आधीच वाचून दाखवलं होतं. तिला आमच्या तोंडून काही वेगळं ऐकायचं होतं. पण वेगळं काही नव्हतंच. आपल्या पाल्याचं मोफत शिक्षण आठवीअखेर संपत आहे, नववीपासून पूर्ण फी भरावी, अन्यथा शाळा सोडल्याचा दाखला घेऊन जावा.

मुलीचा पहिलीत सोडतीत नंबर लागला होता. शाळा मोठी, विनाअनुदानित, केंद्रीय बोर्डाची. आठ वर्षं ती तिथे शिकली. गणितात वर्गात पुढे. नववीची फी वर्षाला दीड लाखाच्या वर. घरात धाकटा भाऊ आहे. बापाने हिशेब एका वाक्यात संपवला, "एवढे पैसे असते तर पोराच्या शिक्षणाला लावले असते."

मैत्रिणींनो, ही एका घराची गोष्ट असती तर आपण वर्गणी काढली असती. पण ही कायद्याचीच गोष्ट आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम १२(१)(क) प्रमाणे खासगी विनाअनुदानित शाळांनी पहिलीच्या किंवा पूर्वप्राथमिकच्या किमान २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायच्या. अल्पसंख्याक संस्थांना यातून सूट आहे. शाळाचालक कोर्टात गेले, पण एप्रिल २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद उचलून धरली. मात्र हा हक्क प्राथमिक शिक्षणापुरता, म्हणजे आठवीपर्यंत. वय ६ ते १४. त्यापुढे कायदा हात झटकतो.

आता या शाळा कशासाठी ओळखल्या जातात ते पाहा. "आमच्याकडे मुलांची कॉलेजची तयारी होते," हे त्या माहितीपत्रकात छापतात. ही तयारी होते कधी? मुख्यतः नववी ते बारावी. प्रयोगशाळेत मुलं स्वतः हात घालतात ते तेव्हा. कुठली शाखा घ्यायची, कुठली प्रवेश परीक्षा द्यायची, अर्ज कसा भरायचा, हे सांगणारं माणूस शाळेत भेटतं ते तेव्हा. सकाळी शाळा, दुपारी तिथेच प्रवेश परीक्षेचे वर्ग, असंही अनेक ठिकाणी चालतं. म्हणजे ज्या कामासाठी शाळेचं नाव आहे, ते काम सुरू होतानाच आमच्या मुलीला दाराबाहेर काढायचं. आठ वर्षं पाटावर बसवून ठेवायचं आणि वाढायची वेळ झाली की उठ म्हणायचं.

उठून ती जाणार कुठे? महापालिकेच्या बऱ्याच शाळा सातवी-आठवीलाच संपतात. जवळच्या अनुदानित शाळेत नववीच्या तुकड्या भरलेल्या. बोर्ड बदलतं, पुस्तकं बदलतात, बऱ्याचदा माध्यमही बदलतं. आठ वर्षं इंग्रजीतून गणित केलेली मुलगी अचानक मराठीतून भूमिती शिकायला बसते आणि सहामाहीत नापास होते. मग लोक म्हणतात, हिला झेपलं नाही.

मुलग्यांनाही हेच पत्र येतं, मग यात बाईचा प्रश्न कुठे आला, असं कोणी विचारेल. पत्र दोघांना सारखं येतं, पण घर दोघांसाठी सारखं वागत नाही. मुलाचं पत्र आलं की चुलता, मामा, पतपेढी, सगळीकडे हात पसरले जातात. मुलीचं पत्र आलं की म्हणतात, बरं झालं, आता घरी मदत होईल. चौदा वर्षांची मुलगी दिसायला लागलेली असते, लांबच्या शाळेला पाठवायला घर घाबरतं. आणि कायदा काय करतो? मोफत शिक्षणाचा हक्क चौदाला संपवतो. बालकामगार कायद्याची सरसकट बंदीही चौदापर्यंतच, २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदा ते अठरा वयाला फक्त धोक्याच्या कामांची मनाई आहे. लग्नाचं वय मात्र अठरा. मधल्या चार वर्षांत मुलीला शाळेत धरून ठेवणारं काहीच नाही. पोरींची लग्नं नेमकी याच चार वर्षांत उरकली जातात.

यावर सरकार म्हणेल, आम्ही मुलींसाठी काय कमी केलं? सरकारी आणि अनुदानित शाळांत मुलींना बारावीपर्यंत फी माफ आहे, हे खरं. पण मोठ्या विनाअनुदानित शाळेची फी त्याने भागत नाही. जुलै २०२४ मध्ये सरकारने आणखी एक निर्णय काढला. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागासवर्गीय मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. आम्ही त्याचं स्वागतच केलं. पण इंजिनिअरिंगची फी माफ करून तिथवर पोचायची चार वर्षं वाऱ्यावर सोडायची, याला काय म्हणायचं? वरच्या मजल्यावर दिवा लावला, जिना बांधायचा राहिला.

उलट त्याच २०२४ च्या फेब्रुवारीत राज्य सरकारने नियम बदलून, १ किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला २५ टक्क्यांतून सूट देऊन टाकली होती. पालक आणि संघटना कोर्टात गेल्या, तेव्हा जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हात घालायला नकार दिला. आहे ते राखायलाच एवढं झगडावं लागतं, तर पुढचं कोण आपणहून देणार?

शाळाचालकांचं म्हणणंही ऐकून घेऊ. सरकार प्रतिपूर्तीचे पैसे वेळेवर देत नाही, वर्षानुवर्षं थकवतं, ही त्यांची तक्रार खरी आहे. पण ते भांडण शाळा आणि सरकार यांचं. त्यांनी ते कोर्टात भांडावं, मंत्रालयात भांडावं. त्यात आमच्या मुलीला ओलीस धरू नये. ट्रस्ट म्हणून करात सवलत घेताना, काही ठिकाणी सवलतीची जमीन घेताना, समाजाचा विचार केला जातो. तोच विचार नववीच्या वर्गाच्या दाराशी कसा संपतो?

आपल्यातल्याच काही जणी विचारतात, महागड्या शाळांसाठी कशाला भांडायचं, महापालिकेच्या शाळा सुधारा. अगदी सुधारा. त्यासाठी आम्ही मोर्चे काढले आहेत, पुढेही काढू. पण ती सुधारेपर्यंत आज तेरा वर्षांची असलेली मुलगी थांबणार आहे का?

जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीरावांनी हेच सांगितलं की सारा भरतो शेतकरी आणि त्या पैशावर शिकतात वरचे लोक. आज सारा नाही, जीएसटी आहे. पोळ्या करणारी बाईही साबणाच्या वडीवर तो भरते.

म्हणून आमच्या मागण्या सरळ आहेत. २५ टक्क्यांतून आलेल्या मुलांचा हक्क त्याच शाळेत बारावीपर्यंत वाढवा. शिक्षण १९७६ पासून समवर्ती सूचीत आहे, राज्य सरकारला यासाठी दिल्लीकडे बोट दाखवून मोकळं होता येणार नाही. प्रतिपूर्ती वेळेवर द्या. महापालिकांच्या शाळांत नववी-दहावीचे वर्ग काढा. आणि हे होईपर्यंत, फी भरता येत नाही म्हणून एकाही मुलीच्या हातात दाखला देऊ नका.

त्या मैत्रिणीने अजून दाखला घेतलेला नाही. आम्ही पंधरा जणी तिच्याबरोबर शाळेत गेलो, तेव्हा जूनपर्यंतची मुदत मिळाली. तुमच्या वस्तीत कुणाला असं पत्र आलं असेल तर ते घेऊन बैठकीला या. एकटीने वाचलं की ते नशीब वाटतं. दहा पत्रं एकत्र ठेवली की तो अन्याय दिसतो, आणि मग त्याचं काय करायचं ते आपल्याला माहीत आहे.