वडीलधाऱ्यांचे विमानातील आसन : एक हिशेब

व्यापाऱ्याला भाव कळतो असे जग म्हणते, आणि ते बव्हंशी खरेही आहे. भेस्तान, पांडेसरा, उधना या पट्ट्यात आपल्यापैकी कितीएक जण कापडाच्या धंद्यात आहेत. ताग्याचा पन्हा मोजल्यावाचून आणि पोत बोटांनी चाचपल्यावाचून आपण सौदा करीत नाही. स्वस्त मिळालेला माल पहिल्याच धुण्यात आटला, तर तो स्वस्त नव्हता, हे आपल्या पेढीवरील नवा गुमास्ताही आठ दिवसांत शिकतो. परंतु हाच व्यापारी आपल्या वृद्ध आईवडिलांसाठी परदेशचे विमानतिकीट काढावयास बसला, की हे सारे शहाणपण गुंडाळून ठेवतो. यादीतील सर्वांत खालचा आकडा पाहतो, पैसे भरतो आणि मोकळा होतो. आसनाचा पन्हा किती, हे त्याच्या मनातही येत नाही.

हा विषय स्मरणिकेच्या पानांस क्षुल्लक वाटेल. पण तो तसा नाही. आपल्या समाजाची मुले आज अँटवर्प, लंडन, लेस्टर, न्यू जर्सी येथे स्थिरावली आहेत. न्यू जर्सीत आचार्य सुशीलकुमारांनी १९८३ साली सिद्धाचलमची स्थापना केली आणि लेस्टरच्या जिनालयाची प्रतिष्ठा १९८८ साली झाली, यावरून तिकडची वस्ती किती जुनी हे ध्यानी येईल. लेकीचे बाळंतपण, नातवंडांचा सांभाळ, नव्या घराचे वास्तुपूजन अशा निमित्तांनी सत्तरी ओलांडलेली माणसे आता समुद्रापार जातात. त्यांनी कोणत्या आसनावर बसून जावे, हा प्रश्न घरोघरचा झाला आहे.

एअर इंडियाचे पहिले विमान ८ जून १९४८ रोजी मुंबईहून लंडनला निघाले, ते कैरो व जिनिव्हा येथे थांबत गेले. वाटेत उतरावे, चार पावले टाकावीत, अशी त्या प्रवासाची रीत होती. आज मुंबईहून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे १६ तास विमान जमिनीस शिवत नाही. भाडी पूर्वीच्या मानाने स्वस्त झाली हे उत्तमच झाले. परंतु त्या स्वस्ताईचा काही भाग प्रवाशाच्या गुडघ्यांतून वसूल होतो. बोइंग ७७७ विमानात पूर्वी साधारण वर्गात एका ओळीत बहुधा ९ आसने असत. आता पुष्कळ कंपन्या त्याच रुंदीत १० बसवितात. विमान तेच, पन्हा मात्र आटला.

सहा वर्षांपूर्वी मी स्वतः ही चूक केली, म्हणून लिहिण्याचा अधिकार समजतो. आई तेव्हा ७४ वर्षांची होती. दोन ठिकाणी विमान बदलण्याचे तिकीट थेट विमानापेक्षा बरेच स्वस्त मिळाले, म्हणून मी ते घेतले. आसन निवडण्याचे जादा पैसे भरले नाहीत. तिला दोन अनोळखी प्रवाशांच्या मधली जागा मिळाली. शेजाऱ्यास उठविण्याचा संकोच वाटून ती रात्रभर जागची हलली नाही, आणि उठावे लागू नये म्हणून पाणीही प्याली नाही. उतरली तेव्हा पाय असे सुजले होते की चपला हातात घ्याव्या लागल्या. भावाने फोनवर सांगितले, तिने मात्र अवाक्षर काढले नाही. जे पैसे वाचले म्हणून मी समाधान मानले होते, ते कोणाच्या अंगावर वाचले हे तेव्हा कळले.

प्रथम भेस्तानकरांनी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. आपला प्रवास विमानात सुरू होत नाही. सुरतेहून २०१९ साली शारजाचे आणि २०२३ च्या डिसेंबरात दुबईचे विमान सुरू झाले; तरी युरोप-अमेरिकेस जाणारी बहुतेक मंडळी मुंबई गाठतात. ते अंतर सुमारे २६० किलोमीटर. मोटारीचे पाच तास, विमानतळावरचे तीन-चार तास आणि वर विमानातले १६, म्हणजे वृद्ध देह पूर्ण एक दिवस बसलेला राहतो. यासाठी एक दिवस आधी जाऊन मुंबईतील आप्तांकडे रात्रभर आडवे होणे, ही विनाखर्चाची पहिली सोय होय.

आता आसनाविषयी. मागील व पुढील आसनांच्या पाठींमधील अंतरास 'पिच' म्हणतात. साधारण वर्गात ते बहुधा ३१-३२ इंच आणि आसनाची रुंदी १७ ते १८ इंच असते. वृद्धांस खिडकी नको, मधली जागा तर नकोच. वाटेकडचे आसन द्यावे, म्हणजे कोणास न विचारता उठता येते. स्वच्छतागृह जवळ असावे, परंतु अगदी लगत नसावे. दोन-तीन ओळींचे अंतर राखावे, नाही तर रांगेचा व दाराचा उपद्रव रात्रभर होतो. शेवटच्या ओळीतील आसनांची पाठ पुष्कळदा कलत नाही. संकटकालीन दाराजवळ पाय पसरावयास जागा असते, पण दार उघडण्यास असमर्थ असलेल्यांना तेथे बसू देत नाहीत. भिंतीसमोरील पहिल्या ओळीत पुढे कोणी नसते हा लाभ. परंतु तेथे तान्ह्या मुलांचे पाळणे लावतात, आणि खुर्चीचे हात वर होत नाहीत, कारण जेवणाची फळी त्यांतच बसविलेली असते. पुष्कळ विमानांत वाटेकडील हातही बिजागरीजवळची बारीक कळ दाबली असता वर होतो. गुडघे आखडलेल्या माणसास ही कळ माहीत असणे फार उपयोगाचे. सेविकेस विचारून ती पाहून घ्यावी.

नवराबायको दोघे असतील, तर विमानाची जातही पाहावी. एअरबस ३३० मध्ये साधारण वर्गात बहुधा दोन, चार, दोन अशी मांडणी असते. कडेची दोन आसने घेतली की तिसरा कोणी मध्ये येत नाही. एकमेकांस औषधाची आठवण देता येते, इंग्रजी न येण्याची धास्ती वाटत नाही. जागा आपोआप मिळेल या भरवशावर राहिल्यास दोघांची ताटातूट होण्याचा संभव असतो. आसन राखण्याचे जादा पैसे वाचविणे ही काटकसर नव्हे.

बसून राहणे केवळ गैरसोयीचे आहे असेही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनानुसार चार तासांहून अधिक प्रवासात शिरेत रक्त गोठण्याचा धोका सुमारे दुप्पट होतो. तो सुमारे ६००० प्रवाशांत एकास, म्हणजे घाबरून जाण्याइतका नाही. परंतु वय, स्थूलता, पूर्वीचा आजार यांनी तो वाढतो. विमानातील हवा सुमारे ६००० ते ८००० फूट उंचीवरील हवेइतकी विरळ व अत्यंत कोरडी असते. म्हणजे सापुताऱ्याच्या दुप्पट उंचीवर रात्र काढण्यासारखे. हृदयाचा वा श्वासाचा विकार असणाऱ्यांनी, तसेच पायांवर दाब देणारे मोजे वापरू इच्छिणाऱ्यांनी आधी डॉक्टरांस विचारावे.

येथे आपल्या आचाराचा प्रश्न येतो. चौविहार पाळणारी आई रात्रीच्या विमानात बसली, तर सकाळपर्यंत पाण्याचा घोटही घेणार नाही. पश्चिमेकडे दिवसा निघणारे विमान घेतले, तर सूर्य बराच काळ सोबत राहतो. उन्हाळ्यात दुपारी मुंबईहून निघालेले विमान लंडनला उतरते तेव्हा तेथे अजून सूर्य मावळलेला नसतो. नियमही सांभाळला जातो आणि शरीरही. जैन भोजनाची मागणी पुष्कळ कंपन्यांकडे करता येते, मात्र ती आगाऊ नोंदवावी लागते. चाकाच्या खुर्चीचेही तसेच. किमान ४८ तास आधी कळवावे. युरोपातील विमानतळांवर अशा साहाय्याचे मूल्य घेऊ नये असा २००६ चा नियम आहे. गरज असलेल्यांनी खुर्चीचा संकोच बाळगू नये. परंतु धडधाकट माणसाने रांग चुकविण्यासाठी ती अडवून ठेवणे आपल्या समाजास शोभत नाही.

मग पैसे किती खर्चावे? पुरे आडवे होता येते तो वरचा वर्ग प्रत्येकाच्या आवाक्यात नाही आणि प्रत्येकास आवश्यकही नाही. १९९० च्या दशकाच्या आरंभी काही कंपन्यांनी मधला वर्ग काढला. त्यात पिच बहुधा ३८ इंचांच्या आसपास असते, रुंदी इंच-दोन इंच अधिक, पाठही जास्त कलते. लंडनच्या नऊ-दहा तासांस निरोगी वृद्धाला साधारण वर्गातील चांगले आसन पुरते. सोळा तासांस मात्र मधल्या वर्गाचा विचार अवश्य करावा. समजा, भाड्यात ३२ हजारांचा फरक पडला, तर तो तासाला २ हजार होतो. हा आकडा आपल्या घरच्या लग्नातील मंडपाच्या फुलांशेजारी मांडून पाहावा. दोन्ही फेऱ्या झेपत नसतील, तर रात्रीच्या फेरीपुरता मधला वर्ग घ्यावा. विमान बदलणे सर्वस्वी वाईट असेही नाही. सांधे आखडणाऱ्यास वाटेत एकदा तीन-चार तास उतरून फिरणे हितकारकच होईल. दोनदा बदलणे, अपरात्री धावपळ करणे, हे मात्र टाळावे.

वडीलधारी माणसे स्वतः म्हणतील, 'मला कशाला महागाचे आसन? मी कोपऱ्यातही बसेन.' त्यांचे हे म्हणणे अपरिग्रहाला धरून आहे, यात शंका नाही. परंतु तो अपरिग्रह त्यांचा आहे. आपण तो तत्परतेने मान्य करून पैसे खिशात ठेवतो, तेव्हा त्यास केवळ सोय म्हणावे. आपल्या शास्त्रांनी सहा आभ्यंतर तपांत वैयावृत्त्य सांगितले आहे. ते मुख्यतः साधुसाध्वींच्या सेवेविषयी असले, तरी घरच्या वृद्धांची न मागता केलेली सेवा ही त्याचीच पहिली पायरी, असे मी मानतो. शिवाय ही माणसे पुष्कळदा हौसेने नव्हे, तर आपल्या संसाराच्या गरजेसाठी जातात. सहा महिने नातवंड सांभाळणाऱ्या आजीचे भाडे हे घरातील कोणत्याही खर्चाहून अधिक रास्त होय.

माझी आई त्यानंतर एकदाच परदेशी गेली. थेट विमानाने, वाटेकडच्या आसनावर, मधल्या वर्गात. परतल्यावर मी विचारले, प्रवास कसा झाला? ती म्हणाली, 'मला वाटेत तीन वेळा पाणी पिता आले.' त्या खर्चाची याहून चांगली पावती मला नको होती.

सभासदबंधूंनी पुढचे तिकीट काढण्यापूर्वी एकदा पन्हा मोजावा, एवढीच नम्र विनंती. इत्यलम्.