रेडिएटरचे पाणी आणि दोनशे रुपयांचा भोंगा



तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गव्हाणीत पडावा, हे आम्ही शेतकी विभागाचे लोक दर हंगामात सांगतो. उशीर झाला की वजन घटते, उतारा खाली येतो. पण भरल्या दोन ट्रॉल्या घेऊन ट्रॅक्टरच रस्त्यात बसला, तर वेळेवर तोडणी करून काय उपयोग?

फडात पाचटाचा भुसा रेडिएटरच्या जाळीवर बसतो. पुढे हिंजवडीच्या गर्दीत गाडी मुंगीच्या पावलाने. इंजिन तापते, जुना होज पाईप चिरतो, पाणी गुपचूप निघून जाते. ड्रायव्हर म्हणतो, "काटा तर बरोबर होता की!" तो खोटं बोलत नाही. टेंपरेचरच्या काट्याचे टोक पाण्यात बुडालेले असेल तरच काटा खरे सांगतो. टोक कोरडे पडले की तो भलतेच दाखवतो. मग हेड गॅस्केट जाते, हेड वाकते, नशीब फुटकेच असेल तर इंजिन धरते. कर्जावर घेतलेला ट्रॅक्टर ऐन हंगामात गॅरेजला!

घराच्या टाकीला भोंगा आपण लावतोच. विहीर उपसली की मोटार बंद पाडणारे यंत्रही लावतो. इथे तत्त्व तेच. स्टेनलेस स्टीलची एक सळई रेडिएटरच्या वरच्या टाकीत, अंगाला न टेकता, पाण्यात बुडेल अशी बसवायची. पाणी आहे तोवर त्यातून किंचित वीज वाहते. पाणी उतरले की ती तुटते आणि चार-पाच रुपयांचा ट्रान्झिस्टर भोंगा वाजवतो. टाकी प्लॅस्टिकची असेल तर सळया दोन लागतात. सुटे भाग शे-दोनशेत बसतात. मात्र हे बाजूच्या बाटलीत बसवू नये. रेडिएटर रिकामा झाला तरी बाटलीत पाणी तसेच राहू शकते.

खड्ड्यात पाणी हिंदकळले की ओरडणारा भोंगा ड्रायव्हर दुसऱ्याच दिवशी तोडून टाकील, आणि ते बरोबरच आहे. म्हणून पाच-दहा सेकंद थांबून वाजेल अशी जोडणी हवी. सळईवर थर चढतो, तो हंगामापूर्वी घासावा. ऑइलला ही युक्ती चालत नाही, कारण ऑइलातून वीज वाहत नाही. तिथे रोज सकाळी पट्टी काढून बघणे आलेच.

काही जण म्हणतात, ड्रायव्हर जागरूक असला की झालं. रात्रपाळी करून पहाटे पिरंगुटचा घाट चढणाऱ्या माणसाकडून आणखी किती जागरूकता मागायची?

गाळपापूर्वी ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावतात, त्याच वेळी हा भोंगाही तपासावा आणि वाहतूक करारात तशी अट घालावी, असे आमचे मत आहे. खर्च मात्र वाहतूकदाराच्या एकट्याच्या माथी नको. ऊस वाळतो तो सभासदाचा आणि उतारा घटतो तो कारखान्याचा, तेव्हा निम्मा वाटा कारखान्याने उचलायला हरकत नसावी.