कायद्यातला पादचारी आणि रस्त्यावरचा

मेक्सिकोच्या राज्यघटनेत डिसेंबर २०२० मध्ये एक महत्त्वाची दुरुस्ती झाली. सुरक्षित व सर्वांना सुलभ अशा प्रवासाला तिने हक्काचे स्थान दिले. पाठोपाठ २०२२ च्या कायद्याने रस्त्यावरील अग्रक्रमही ठरवला: प्रथम पादचारी, मग सायकलस्वार, त्यानंतर सार्वजनिक वाहने आणि सर्वांत शेवटी खाजगी मोटार. तत्त्व निःसंशय उदात्त आहे. परंतु तत्त्वाची परीक्षा रस्त्यावरच होत असते आणि त्या दृष्टीने राजधानी मेक्सिको शहराचा इतिहास उद्बोधक आहे.

४ सप्टेंबर १९६९ रोजी तेथे मेट्रो सुरू झाली. अक्षरओळख नसलेल्या प्रवाशालाही उतरायचे ठिकाण कळावे म्हणून प्रत्येक स्थानकाला चित्र देण्यात आले. 'नाकतोड्याची टेकडी' असा नावाचा अर्थ असलेल्या चापुल्तेपेक स्थानकाचे चिन्ह नाकतोडाच आहे! २०१३ पासून अंतर कितीही असो, तिकीट पाच पेसोंचेच आहे. सामान्य माणसाचा विचार करणारे नियोजन म्हणतात ते हेच.

दुर्दैवाने याच शहराने मोटारीचेही लाड पुरवले. गेल्या शतकाच्या अखेरीस कोंडी वाढली, धूर वाढला. १९८९ मध्ये आठवड्यातून एक दिवस प्रत्येक मोटार बंद ठेवण्याचा नियम आला. परिणाम काय झाला? ऐपत असलेल्यांनी दुसरी, बहुधा जुनी, मोटार घेतली! इतके होऊनही नव्या शतकाच्या आरंभी मोटारींसाठी रस्त्यावर दुसरा मजला चढवण्यात आला. पर्याय न देता केलेली बंदी केवळ पळवाटा निर्माण करते, हा याचा धडा होय.

खरा पर्याय आला तो २००५ मध्ये. इन्सुर्हेन्तेस या हमरस्त्यावर मोटारींच्या मार्गिका काढून घेऊन त्या बससाठी राखून ठेवण्यात आल्या. २०१० मध्ये भाड्याच्या सार्वजनिक सायकली आल्या; मात्र त्या प्रथम मिळाल्या मध्यवर्ती, सुस्थितीतील वस्त्यांना. इस्तापालापाच्या टेकड्यांवरील कष्टकऱ्यांना रज्जुमार्गाची सोय मिळण्यास २०२१ उजाडावे लागले. त्याच वर्षी ३ मे रोजी मेट्रोच्या बाराव्या मार्गाचा पूल कोसळून २६ जणांचा बळी गेला. मार्ग सुरू होऊन नऊ वर्षेही झाली नव्हती आणि बांधकामातील दोष चौकशीत उघड झाले.

प्रवासाचा हक्क घटनेत लिहिल्याने आपोआप सिद्ध होत नाही. मोटारीकडून काढून घेतलेली जागा, गरीब वस्तीपर्यंत पोहोचलेली सेवा आणि उद्‌घाटनाचा गाजावाजा ओसरल्यावरही टिकणारी निगराणी यांवरच तो उभा राहतो. अग्रक्रम पादचाऱ्याचा असेल, तर अंदाजपत्रकातही त्याचे नाव वरच असावयास हवे. ते तसे नसेल, तर तो कायदा म्हणजे केवळ सदिच्छाच ठरेल.